अकरा नंबरचा फ्यूज

भिवा वायरमनला आम्ही डिलाईल रोडच्या चाळीत 'खिसेवाला' म्हणायचो. त्याच्या खाकी शर्टाच्या खिशाला एक जाडजूड बटण होतं, आणि रखमा, म्हणजे त्याची बायको, ते अधूनमधून पुन्हा पक्कं शिवून द्यायची. कारण एकच. कुणाच्याही खोलीत काम असलं की हा गडी आधी मीटरपाशी जायचा, त्या खोलीचा फ्यूज ओढून काढायचा, खिशात टाकायचा आणि बटण लावायचा. मग तारेला हात.

फ्यूज ही काही मोठी चीज नव्हे. चिनी मातीचा पांढरा ठोकळा, मुठीत मावेल एवढा, पोटात बारीक तार. काढला की खोलीतला करंट गेला, दाबून बसवला की आला. तो ज्या विजेच्या दुकानात कामाला होता तिथले बाकीचे वायरमन मेन स्विच खाली करून मोकळे व्हायचे. भिवा म्हणायचा, "स्विच कोण पण वर करंल. फ्यूज माझ्या खिशात, तर माझा जीव माझ्या खिशात." मी त्याच्या शेजारच्या खोलीत राहायचो, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचो. मी त्याची यथेच्छ टिंगल करायचो. जिवाला एवढा जपणारा माणूस बायकोच्या पदराआड बसायचा सोडून विजेच्या धंद्यात कशाला पडला, असं तोंडावर विचारायचो. तो हसायचा आणि बिडी पुढे करायचा.

बिडी तेवढी राहिली होती. छप्पन साली दादर चौपाटीवर आम्ही सगळ्यांनी दीक्षा घेतली, त्या दिवसापासून त्यानं दारूचा थेंब घेतला नाही. आमच्यातले काही जण, आता खोटं कशाला बोला, महिन्याभरात पुन्हा हातभट्टीच्या वाटेला लागले. भिवा नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात मात्र तो सगळ्यांच्या पुढे असायचा. एकदा पोलिसाची लाठी खांद्यावर खाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी त्याच खांद्यावर शिडी घेऊन कामाला गेला.

ते दुकान गिरगावात होतं. तिथल्या एका वाडीत, नाव मी मुद्दाम सांगत नाही, त्याचं कायमचं जाणंयेणं होतं. तीन मजली चाळ, जिन्याखाली भिंतीवर सगळ्या खोल्यांचे मीटर ओळीनं मांडलेले आणि त्याखाली ओळीनं फ्यूज. त्या लोकांची एक खोड भिवा घरी येऊन सांगायचा आणि कपाळाला हात लावायचा. तिथं कुणाचा फ्यूज उडाला की वायरमनची वाट कोण बघतो! शेजाऱ्याचा काढायचा आणि आपल्या जागी लावायचा. साखर आणि विरजण न्यावं तसा फ्यूज न्यायचे, तेही न सांगता. मग शेजारी दुसऱ्याचा उचलायचा. एकमेकांच्या उपयोगी पडायची त्यांना भारी हौस. भिवा त्यांच्यावर ओरडून दमला आणि शेवटी लाल रंगाचा डबा घेऊन बसला. प्रत्येक फ्यूजवर त्यानं खोलीचा नंबर घातला आणि तोच नंबर भिंतीवर त्या फ्यूजच्या जागेवर घातला. निदान कुणाचा कुठे गेला ते तरी कळेल. चाळकऱ्यांनी कौतुक केलं आणि न्यायचे ते नेतच राहिले.

त्या चाळीत त्याला चहा खिडकीतल्या वेगळ्या पेल्यात मिळायचा. फक्त चार नंबरच्या जाईबाई त्याला घरातल्या कपात द्यायच्या. तळमजल्यावर एकट्या राहणारी म्हातारी, लोकांचे पापड लाटून पोट भरायची. तिचा फ्यूज सारखा उडायचा आणि ती अंधारात बसून राहायची, म्हणून भिवानं तिला फ्यूज काढायला-लावायला शिकवलं. चिनी मातीलाच धरायचं, पितळेला बोट लावायचं नाही, सरळ दाबायचं. म्हातारी पटकन शिकली म्हणून त्याला केवढं कौतुक! रखमाला म्हणाला होता, "मावशी माझ्याहून बेस लावतात."

साठ सालच्या एप्रिलच्या शेवटच्या दिवशी सगळी मुंबई दिव्यांच्या माळा टांगत होती. आमचं राज्य येणार होतं. त्या वाडीतली रोषणाई भिवाकडे होती, आणि तिचा करंट अकरा नंबरमधून, म्हणजे चाळीच्या मंडळाचे चिटणीस अप्पा यांच्या मीटरवरून घ्यायचा ठरला होता. दिवेलागणीच्या सुमारास भिवा तिसऱ्या मजल्याच्या कठड्याबाहेर शिडीवर उभा राहून शेवटचा जोड देत होता. खाली पटांगण माणसांनी भरलेलं. एकाएकी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या माळा झगमगल्या. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, महाराष्ट्राच्या नावानं जयजयकार केला. त्या गजरात भिवा वरून पटांगणाच्या कडेच्या फरशीवर पडला, आणि बराच वेळ कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. ते आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पोलीस आले. पंचनामा झाला. अप्पांनी जबाब दिला की, वायरमननं फ्यूज न काढताच काम चालवलं होतं, सणाचा दिवस म्हणून बहुधा थोडी घेतलीही असावी. दुकानाच्या मालकानं मान डोलावली. झालं! भिवा दारू पिऊन, स्वतःच्या गाफीलपणानं मेला. ही बातमी आमच्या चाळीत त्याच्या प्रेताच्या आधी पोचली.

रखमा रडली नाही. येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत राहिली, "माझा मानूस पिलेला नव्हता. माझा मानूस गाफील नव्हता." लोक हो-हो म्हणायचे आणि बाहेर जाऊन एकमेकांकडे बघायचे. पाच-सहा दिवसांनी मी इस्पितळातून त्याच्या कपड्यांचं गाठोडं आणून दिलं. तिनं शर्ट उलगडला. खिशाचं बटण लावलेलं होतं. तिनं ते सोडवलं आणि आतून फ्यूज काढला. एक कोपरा उडालेला, वर लाल रंगात अकरा.

"भावजी," ती म्हणाली, "फ्यूज हितं हाय. मग करंट कुठनं आला?"

तिनं फ्यूज पदराच्या टोकाला बांधला आणि म्हणाली, "चला गिरगावात."

आम्ही भरदुपारी त्या चाळीत गेलो. पटांगणात माळा तशाच लोंबत होत्या. रखमा सरळ जिन्याखाली गेली. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण आकडे यायचे, भिवानंच शिकवले होते. ती ओळीनं बघत गेली. भिंतीवर अकरा लिहिलं होतं तिथं फ्यूज बसवलेला होता, आणि त्या फ्यूजवर चार होतं. मग तिनं चार नंबरची जागा शोधली. ती रिकामी होती.

चार नंबरचं दार लोटलेलं होतं. आत कोपऱ्यात रॉकेलची चिमणी जळत होती आणि जाईबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रखमाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं.

"भिवाची ना गं तू?" त्या म्हणाल्या. "ये. मीच लावला."

रखमा उंबऱ्यातच उभी राहिली.

"सगळे ओरडत होते, दिवे का लागत नाहीत म्हणून. मी गेले बघायला, तर अप्पांची जागा रिकामी. मला वाटलं, नेहमीसारखा नेला असेल कुणी. म्हटलं, माझी खोली राहू दे अंधारात, आजच्या दिवशी मला एकटीला काय करायचाय दिवा? माझा काढला नि लावला. त्यानं शिकवलं होतं तसाच लावला गं, सरळ दाबून."

"तिथं कुणी नव्हतं?" मी विचारलं.

"अप्पा उभे राहणार होते. भिवाला तसं कबूल केलेलं त्यांनी. पाहुणे आले म्हणून फाटकापाशी गेले. मी त्याच रात्री त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, तोंड मिटून बसा, म्हातारपणी तुरुंगात जायचंय का?"

"चौकीवर चला," रखमा म्हणाली.

म्हातारीनं लुगड्याचा पदर सावरला आणि चपला घातल्या. चाळ गॅलरीत उभी राहून बघत होती. अप्पा कचेरीत गेले होते. एरवी एकमेकांच्या उपयोगी पडणाऱ्या त्या माणसांतला एकही जण आमच्याबरोबर यायला जिना उतरला नाही.

चौकीतल्या हवालदारानं म्हातारीचं बोलणं निम्मं ऐकलं. रखमानं टेबलावर ठेवलेला फ्यूज त्यानं पेन्सिलीनं बाजूला सारला. "प्रकरण मिटलंय बाई. पिऊन पडला असं लिहून गेलंय वर. आता या आजीला आत टाकू का? जा घरी." मी आवाज चढवला तेव्हा त्यानं माझं नाव, गिरणी आणि खातं विचारलं. रखमानंच माझा हात धरून मला बाहेर काढलं.

आम्ही म्हातारीला चाळीपर्यंत पोचवलं. रखमा पुन्हा जिन्याखाली गेली. तिनं चिनी मातीला नीट धरलं, पितळेला बोट लागू दिलं नाही, आणि चार नंबरच्या रिकाम्या जागेत तो अकराचा फ्यूज सरळ दाबून बसवला. जाईबाईंच्या खोलीतला दिवा लागला.

"अगं, पुरावा तो!" मी ओरडलो. "तेवढाच आहे आपल्याकडे!"

"घरी ठेवून कुनाला दावू, भावजी? हितं राहू दे. माझ्या मानसानंच लिवलेले आकडे हायत. येता-जाता ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं." मग ती जाईबाईंकडे वळली. म्हातारी दारात उभी होती. "आजी, आता दिवा लावूनच बसत जा. अंधारात नका बसू."

हे ती रागानं म्हणाली की मायेनं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही.

पुढे काही वर्षांनी एका लग्नाच्या निमित्तानं मी त्या वाडीत गेलो होतो. जाईबाई वारल्या होत्या, चार नंबरमध्ये नवं बिऱ्हाड आलं होतं. मी जिन्याखाली डोकावलो. चारच्या जागी कोपरा उडालेला अकरा होता आणि अकराच्या जागी चार. अप्पांच्या घरात दिवा जळत होता. चारच्या जागचा तो अकराचा फ्यूज काढून नेहमीसारखा आपल्या जागी लावायला त्या चाळीत कुणाचाच हात धजला नव्हता.