मशीनच्या पाठीवरचं अक्षर

पुतणीची लग्नपत्रिका छापायच्या दिवशीच मी कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम टाकली. जुना मराठी फॉन्ट तिला चालेना. नवरदेवाच्या नावाच्या जागी नुसते चौकोन उभे राहिले. सिस्टीमसोबतच्या माहितीपत्रकात एवढंच होतं: 'अडचण आल्यास विक्रेत्याला विचारा.'

थळ गावचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला. हा गडी आधी मशीनला कान लावतो, मग मालकाकडे संशयाने बघतो. प्रत्येक मशीनच्या पाठीवर मार्करने सूचना लिहायची त्याला सवय. माझ्या मशीनमागचं फुलांचं स्टिकर त्याने नखाने सोललं. खाली त्याचंच अक्षर: 'नवी सिस्टीम टाकू नका. मराठी जाईल.'

"अक्षर वाईट दिसत होतं, म्हणून झाकलं," मी शाळेतल्या मास्तरी सुरात म्हणालो.

तासाभरात जुनी सिस्टीम परत आली, आणि नवरदेवही. पिशवी उचलताना दुरुस्तीवाला म्हणाला, "गुरुजी, कंपनीने लिवलं न्हाय, मी लिवलं. पन मास्तरालाच वाचता येत न्हाय, त्याला मी काय करू?"