आत्याच्या विरजणाचा झोपलेला विषाणू

निरवांगीला माझ्या आत्याचं दही असं लागायचं, की वाडगं कलतं केलं तरी हलायचं नाही. तरीही पन्नासच्या दशकात, मी पुण्याला जिवाणूशास्त्र शिकत होते त्या काळात, गावातली एकही बाई तिच्याकडे विरजण मागायला येत नव्हती. कारण तिचं विरजण ज्या घरात गेलं, त्या घरचं दही बिघडलं. रात्रभर ठेवलेलं दूध सकाळी तसंच पातळ, वर एक नकोसा वास. पहिल्यांदा झालं तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, म्हणून सोडून दिलं. चार-पाच घरांत तसंच झालं तेव्हा कुजबुज सुरू झाली. आत्या विधवा, पोटी मूल नाही, आणि स्वतःचं दही मात्र रोज घट्ट. 'बाईचा हात वाईट हाय' हे ठरायला मग कितीसा वेळ लागणार! बारशाची बोलावणी थांबली. आत्या विहिरीवर आली की बायका घागरी उचलून बाजूला सरायच्या.

मी पहिल्यापासून फटकळ. सुट्टीत निरवांगीला गेले की त्या बायकांना चांगलं सुनवावं असं वाटायचं. आत्या मला आवरायची.

"तू चार दिस भांडून जाशील पोरी. मला हितंच ऱ्हायाचं हाय."

रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आत ती दोन ठिकाणी दही लावायची. एक मोठं गाडगं आणि शेजारी एक छोटी वाटी.

"ही वाटी कुणाची?" मी एकदा विचारलं.

"कुणी मागाय आलं तर?" ती म्हणाली. सकाळी ती वाटी निमूटपणे ताकाच्या डेऱ्यात रिकामी व्हायची.

पुण्यात आमचे सर तेव्हा एका नव्याच गोष्टीच्या मागे लागले होते. काही विषाणू जिवाणूला मारत नाहीत. त्याच्या जनुकांतच जाऊन बसतात आणि पिढ्यान्‌पिढ्या झोपून राहतात. त्या विषाणूची बहुतेक जनुकं मुकी असतात. एखादंच जागं असतं, आणि तेच बाकीच्यांना गप्प ठेवतं. हे नीट उलगडायला जगाला पुढे बरीच वर्षं लागली. आमच्याकडे तेव्हा नुसते अंदाज होते आणि त्या अंदाजांना हसणारे लोक होते. पण अतिनील दिव्याखाली धरलं की असे जिवाणू थोड्या वेळाने फुटतात आणि गढूळ नळी नितळ होते, हे मी स्वतः पाहिलं होतं. शिवाय दिवा नसला तरी हजारोंतला एखादा जिवाणू आपला आपणच फुटतो, आणि विषाणू बाहेर पडतात. ज्यांच्या पोटात तोच विषाणू आधीपासून झोपलाय, त्या जिवाणूंना ते काही करू शकत नाहीत. बाकीच्यांचा मात्र फडशा पाडतात.

एके दिवशी सर हे फळ्यावर समजावत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आत्याची वाटी आली. घरचं सुखरूप, परक्याचं मातेरं. मी तासभर काही ऐकलं नाही.

पुढच्या सुट्टीत मी दोन बाटल्या घेऊन गेले. एकीत आत्याचं विरजण घेतलं, दुसरीत शेजारच्या चाचीचं. चाचीच्या नवऱ्याचं गावात किराणा दुकान होतं. सगळ्यात आधी दही बिघडलं होतं ते तिचंच, पण तिने आत्याशी बोलणं कधी टाकलं नव्हतं. तेव्हा ती बारामतीला माहेरी जाऊन आईचं विरजण पुन्हा घेऊन आली होती. आता ती आईही नव्हती.

पुण्याला काचेच्या बशीवर मी चाचीच्या जिवाणूंचा थर वाढवला. त्यावर आत्याच्या दह्याचं पाणी, चिनीमातीच्या गाळणीतून जिवाणू काढून टाकलेलं, थेंबभर सोडलं. दुसऱ्या दिवशी थेंबाच्या जागी स्वच्छ गोल भोक होतं. आत्याच्या जिवाणूंच्या थरावर तोच थेंब सोडला, तर काहीच झालं नाही. मी प्रयोगशाळेत उभ्या उभ्या रडले. आनंदाने रडले, हे सरांना सांगावं लागलं.

पण बशीवरचं भोक गावाला दाखवून काय उपयोग! खरी अडचण आमच्याकडच्या रीतीत होती. घरचं विरजण मोडायचं नाही, ते मोडलं तर घरातलं दूधदुभतं जातं, असं बायका मानत. त्यामुळे दुसरीकडून विरजण आणलं तरी त्यात आपलं चमचाभर मिसळायचंच. आणि तिथेच विषाणूचं फावत होतं: घरचे जिवाणू मरायचे, आणि आत्याचे उरलेले थोडे एका रात्रीत पुरे पडायचे नाहीत. कुणीतरी आपलं विरजण पूर्ण टाकून, भांडं उकळून, निव्वळ आत्याचं लावायला हवं होतं.

पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा आत्याला तिच्या वाटीसकट चाचीच्या घरी नेलं आणि चाचीला सगळं समजावून सांगितलं. तिची नजर आईच्या विरजणाच्या गाडग्याकडे गेली. आत्याच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तिच्या आईची आठवण हाय ती. माझ्यापायी मोडाय लावू नगंस."

"चाची," मी म्हटलं, "तुमच्या आईचं विरजण पुण्याला माझ्याकडे काचेच्या नळीत जिवंत आहे. मी ते मरू देणार नाही."

चाचीने माझ्याकडे पाहिलं आणि एकदम हसली. "म्हंजी अम्मी कालेजात गेली म्हना की!" मग तिने गाडगं उचललं, परसात लिंबाच्या आळ्यात ओतलं, भांडं चुलीवर उकळत ठेवलं, आणि आत्यापुढे हात केला. "द्या तुमची वाटी."

त्या रात्री आत्याला झोप लागली नाही आणि सगळं शास्त्र पाठ असूनही मलाही. सकाळी चाची भांडं घेऊन मुद्दाम विहिरीवर गेली, सगळ्या बायकांसमोर तिने ते कलतं केलं. दही हललं नाही.

लगेच काही रीघ लागली नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. माझी सुट्टी संपली, मी परत आले, आणि दर आठवड्याला चाचीच्या आईला नवं दूध पाजत राहिले.

दिवाळीला पुन्हा निरवांगीला गेले तेव्हा दिवेलागणीला थोडाच वेळ होता. विहिरीवर बाजूला सरणाऱ्यांतलीच एक बाई आत्याच्या दारातून लगबगीने बाहेर पडत होती, पदराखाली काहीतरी झाकून. मला पाहून ती ओशाळं हसली. आत गाडगं जागेवर होतं. शेजारची जागा रिकामी.

"वाटी कुठं गेली?" मी विचारलं.

आत्या चुलीवरच्या दुधाला फुंकर घालत होती. तिने मान वर केली नाही.

"तीन लावल्या हुत्या," ती म्हणाली. "पुरल्या न्हाईत."