आत्मारामच्या सायकलीचं जॅकेट

आमच्या मेर्वीच्या नाक्यावर आत्मारामचं टपरीवजा दुकान आहे. छत्र्या दुरुस्त करणं आणि पाण्यापासून वाचवणारी आवरणं शिवणं हा त्याचा धंदा. दप्तरांची आवरणं, स्कूटरच्या सीटची टोपडी, रिक्षांचे पडदे. शिवाय पूर्णगडच्या होड्यांवर घालायच्या ताडपत्र्या. त्या एवढ्या मोठ्या की दुकानात आणता येत नाहीत, शिवायला त्यालाच तिकडे जावं लागतं. वाटेत एक लांब चढ आहे आणि वर उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार.

२००७ साली त्याला हृदयाचा त्रास झाला. डॉक्टरांनी चढावर सायकल मारायला मनाई केली. त्याचा मुलगा विनीत सावर्ड्याला नोकरी करतो. वडिलांनी दुकान बंद करून आपल्याकडे यावं, असं त्याचं म्हणणं. आत्माराम ऐकेना. शेवटी २००८ च्या मे महिन्यात विनीतने रत्नागिरीतून विजेवर चालणारी सायकल आणून दिली आणि एक अट घातली. दिवाळीपर्यंत चालवून बघा. एकदा जरी चढावर ढकलावी लागली, तर दुकानाला कुलूप आणि सावर्डे.

सीटच्या खाली ॲल्युमिनियमचा एक डबा होता, पाठीवर कंगव्यासारख्या पट्ट्या असलेला. विकणाऱ्याने सांगितलं होतं की बॅटरीतली वीज मोटरला किती द्यायची ते हा डबा ठरवतो, तेव्हा याला सांभाळा. आत्मारामने एवढंच लक्षात ठेवलं. त्याच आठवड्यात त्याने डब्याला जॅकेट शिवलं. बाहेरून छत्रीचं दुहेरी कापड, आतून रिक्षाच्या गादीचा उरलेला स्पंज. पट्ट्यांमधल्या खाचांत पाणी साचेल म्हणून त्यांतही स्पंज दाबून बसवला आणि शिवणीवर मेण चोळलं. काम इतकं नेटकं होतं की दुकानात येणारा प्रत्येक जण ते वाकून बघायचा.

पावसाळाभर सायकल उत्तम चालली. ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि एका दुपारी ती अर्ध्या चढावर बंद पडली. आत्मारामने ढकलली नाही. ती काजूच्या सावलीत लावून शेजारी बसून राहिला. पूर्णगडची सखू मासे विकून परत निघाली होती.

"काय ओ आत्मारामदादा, सायकल राखायला बसलात?"

"दमली ती. विसावा घेते."

"ती सावलीत आणि तुम्ही उन्हात. बरी सून मिळाली तुम्हाला."

थोड्या वेळाने सायकल काही झालंच नसल्यासारखी सुरू झाली. आत्मारामने ती टेम्पोत घालून रत्नागिरीला नेली. कारागिराने जॅकेट काढलं, सायकल स्टँडवर चढवली, मूठ पिळली. चाक हवेत गरगर फिरलं. "काही झालेलं नाही, काका," तो म्हणाला. आत्मारामने जॅकेट पुन्हा चढवलं आणि घरी आला. पुढच्या खेपेला सायकल त्याच वळणावर थांबली.

तेव्हा तो माझ्याकडे आला. मी वाणिज्य शाखेचा. विजेशी माझा संबंध बिलापुरता. पण एका वेळी एकच गोष्ट बदलून बघावी, एवढी शिस्त मला आहे. पहिल्यांदा वजन कमी करायला त्याची कापडाची जड पिशवी घरी ठेवायला लावली. सायकल थांबली. मग बॅटरी पूर्ण भरून पाठवलं. थांबली. मग पहाटे पाठवलं, तर थेट सड्यावर पोचली. दुपारी पुन्हा थांबली. पावसात चढते, उन्हात नाही. दुकानात फिरते, रस्त्यावर नाही. मी पुरता चक्रावलो.

"ऊन बाधत असेल," मी म्हणालो.

आत्मारामला ते पटलं. त्याने डब्याला ऊन लागू नये म्हणून जॅकेटवर आणखी एक जाड कापड शिवलं. आता सायकल चढाच्या पायथ्यालाच बंद पडू लागली.

दिवाळी आठवड्यावर आली होती. आत्मारामने सकाळपासून छत्रीला हात लावला नव्हता. दुपारी तो चढाच्या पायथ्यावरून नुकताच परतला, तेव्हा त्याच्या पँटच्या पोटरीवर पांढरट ठिपके दिसले. बॅटरी गळते की काय, म्हणून मी घाबरलो. बॅटरी तर कोरडी होती. त्याने ठिपका नखाने खरवडून नाकाशी नेला.

"भाऊ, हे माझं मेण."

"उन्हाने वितळलं असेल."

"उन्हात वाळत घातलेल्या माझ्या कापडाचं मेण कधी गळलेलं नाही." त्याने जॅकेटमध्ये हात घातला आणि झटक्याने बाहेर काढला. डबा चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखा झाला होता.

डबा स्वतःच तापत होता आणि जॅकेट ती उष्णता आत कोंडत होतं. जॅकेट हा सायकलचा भाग आहे असं आम्ही कधी धरलंच नव्हतं. सगळं काढून, डबा निवल्यावर आत्माराम भर दुपारी निघाला आणि वर पोचला. परत आला तो मात्र उतरलेल्या चेहऱ्याने.

"उघडं ठेवलं तर भिजून मरणार, झाकलं तर उकडून. मी ह्याला जगवू कसं?"

मी रत्नागिरीच्या दुकानात फोन लावला. तिकडून सांगितलं, वारा लागू द्या, पण पाणी लागू देऊ नका.

"आमच्याकडे वारा नि पाणी वेगवेगळं येतं होय?" आत्माराम म्हणाला.

संध्याकाळ झाली. मग त्याने मोडक्या छत्रीच्या काड्या वाकवून, त्यांवर कापड ताणून डब्याच्या वर वीतभर उंचीवर छोटंसं छप्पर बांधलं, चारही बाजूंनी मोकळं. बरोबर की चूक, दोघांनाही माहीत नव्हतं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी विनीत आला. आभाळ भरून आलं होतं. "बाबा, आत्ताच चढून दाखवा," तो म्हणाला. आत्माराम पुढे, मागे माझ्या स्कूटरवर मी आणि विनीत. वळणावर सर आली. आत्माराम थांबला नाही. छप्पर फडफडत होतं आणि माझं सगळं लक्ष त्या डब्याकडे. सायकल सड्यावर पोचली.

विनीतने उतरून डब्याला हात लावला. "कोमट आहे. ही चढली ती पावसामुळे, की तुमच्या छपरामुळे?"

"ते भाऊंना विचार," आत्माराम म्हणाला.

दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. मी खरं तेच सांगितलं, की मला कळत नाही.

विनीत सड्याच्या कडेपर्यंत जाऊन आला. खाली पूर्णगडच्या होड्या भिजत होत्या. "शिमग्यापर्यंत राहा," तो म्हणाला. "पण थांबली, तर मी दुसऱ्या दिवशी न्यायला येईन. मग छत्री-बित्री ऐकणार नाही."

आत्मारामने मान डोलावली. विनीत स्कूटरकडे वळल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, शिमग्याला ऊन कितपत असतं हो?"