डोक्याकडून की पायांकडून

माझं लग्न एकोणीसशे तीस सालाच्या आसपास झालं आणि ते आईने एका हिशेबाने ठरवलं होतं. त्याआधी माझा थोरला भाऊ मचव्यावर खलाशी म्हणून जयगडाकडे गेला, तो परतला नाही. पाऊस लागायच्या आधीची ती शेवटची खेप. मचव्याच्या फळ्या मिळाल्या, माणसं मिळाली नाहीत. भाऊ एवढा उंच की आमच्या दारातून वाकूनच आत यायचा. आईने भावजयीला कुंकू पुसू दिलं नाही. खाडीमुखाशी राहणाऱ्या पोलीस पाटलाच्या घरचं माझ्यासाठी स्थळ आलं, तेव्हा ती म्हणाली, "देऊया. पाटलाच्या घरात बातमी आधी येते."

मी नांदायला गेले तोवर मामंजींचे, म्हणजे सासऱ्यांचे, डोळे मोतीबिंदूने गेले होते आणि पाटीलकी दिरांकडे आली होती. दुपार कशी काढायची हा मामंजींपुढचा प्रश्न. बाजारात कोणा पाद्र्याने फुकट दिलेलं मराठी बायबल घरात पडून होतं. मी मराठी चौथी शिकलेली, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. सृष्टीची उत्पत्ती, देवदूत यांत त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना हवे होते मोशेचे कायदे. आयुष्यभर पंचनामे केलेला माणूस, दुसऱ्या कचेरीचा कारभार तपासावा तसा एकेक कलम तपासायचा.

माणसाला भोसकून मारणाऱ्या बैलाला दगडांनी ठेचावं, हे ऐकून ते म्हणाले, "बैलाला वकील दिलान् की नाय?" गच्चीला कठडा नसेल आणि वरून कोणी पडून मेला, तर रक्ताचा दोष मालकाच्या माथी. त्यावर, "मग माडालाही कठडा बांधूया. नारळ काढणारे पाडेली दरसाल पडतात." भरपाई देऊ न शकणाऱ्या चोराला विकून टाकावं, तर त्यांनी विचारलं, घेणार कोण? मी पदर तोंडाला लावून हसायचे. त्या घरात हसण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

एका दुपारी तो कायदा आला. रानात प्रेत सापडलं आणि मारणारा ठाऊक नसला, तर वडीलधाऱ्यांनी आजूबाजूच्या गावांपर्यंतचं अंतर मोजावं. जे गाव जवळ पडेल त्याने कधी जू न लावलेली कालवड ओढ्यावर न्यावी, तिची मान मोडावी, तिच्यावर हात धुवावे आणि सांगावं की हे रक्त आमच्या हातून सांडलं नाही.

मामंजी मांडी थोपटून हसले. "अगो, हे तर आम्हीपण केलंय."

मग त्यांनी सांगितलं. ओहोटीला खाडीच्या पुळणीवर एक प्रेत लागलं होतं. पुळणीतूनच दोन गावांची हद्द जाते. ज्याच्या हद्दीत प्रेत, त्याच्या गळ्यात पंचनामा, शिपायांचं जेवणखाण आणि रत्नागिरीच्या खेपा. तेव्हा शेजारगावचा पाटील आणि मामंजी, दोघं दोरी घेऊन उभे. माणूस लांबलचक. डोक्याकडून मोजलं तर त्यांच्या हद्दीत, पायांकडून मोजलं तर आमच्या. दोघं हमरीतुमरीवर आले, तेवढ्यात भरती चढली आणि त्याला घेऊन गेली.

"कालवड वाचली," मामंजी म्हणाले.

मला हसू आलं नाही. मी विचारलं, "केव्हाची गोष्ट?"

"तुझ्या लग्नाआधीची. पाऊस लागायच्या बेतात होता."

"तोंड कसं होतं त्याचं?"

"तोंड कोण बघतो गो? आम्ही दोरी बघत होतो."

माझा भाऊ त्यांना तेव्हा आठवला असावा. म्हणाले, पुस्तक मिट. पुन्हा कधी त्यांनी वाचायला सांगितलं नाही. मला त्यांचा संताप आला आणि ते गेल्यावरही तो उतरला नाही. पुस्तकातल्या ज्या माणसांना आम्ही खुळे म्हणून हसलो, ते निदान मेलेल्याला आपल्या गावाशी जोडायला मोजत होते. आमच्याकडे मोजलं ते त्याला टाळायला.

गौरीला माहेरी गेले. आईने नेहमीसारखं विचारलं, "पाटलांकडे काय कळलं?" मी सगळं सांगितलं, दोरीसुद्धा. भावजय चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली. आई बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.

"मग तो आपला नव्हे," ती म्हणाली. "आपल्या माणसाला कुणीतरी वर ओढलान् असतं."

भावजयीने कुंकू सांभाळत कपाळावरचा घाम पुसला आणि ती परत चुलीपाशी गेली.