लाइनला कोण उभं राहणार

"ह्याला लाइनला घेऊ," शिरीष म्हणाला. "त्या लोकांच्यात दम असतो यार. जेनेटिकच आहे ते."

सगळे हसले. माझ्या तोंडात बटाटेवड्याचा घास होता. मी चावायचा थांबलो.

अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधलं शिरीषचं बेसमेंट. भिंतीएवढा टीव्ही आणि त्यावर नवीन खेळाडूंची नावं. आमच्या मराठी मंडळाची फ्लॅग फुटबॉलची, म्हणजे बॉल हातात घेऊन पळायच्या इथल्या फुटबॉलची, लीग आहे. दुसऱ्या दिवशी ड्राफ्ट होता. म्हणजे नव्याने आलेली माणसं कप्तानांनी आळीपाळीने उचलायची. कोणाला उचलायचं हे ठरवायला आमची टीम जमली होती. शिरीष कप्तान. पुण्याचा, मोठ्या हुद्द्यावरचा, गोड बोलणारा.

आमची गरज एकच होती. डिफेन्सची लाइन. गेल्या मोसमात समोरच्यांनी आमची फळी फोडून फोडून आम्हाला लोळवलं होतं. ह्या खेळात कुणाला आडवं पाडायचं नसतं, कमरेच्या पट्ट्याला लटकणारी फीत ओढायची असते. पण ते मागच्यांसाठी. पुढच्या फळीत धक्काबुक्की खरीच असते. लाइनवाल्याच्या हाताला बॉल लागत नाही. त्याने अंगावर घ्यायचं, म्हणजे मागच्यांना पळायला जागा मिळते. फोटोत मागचेच येतात.

त्या फळीत मधोमध मी उभा राहायचो. गेल्या मोसमात बरगडीला चीर गेली. कूस बदलली की जीव जायचा. तरी पट्टी बांधून पुढच्या मॅचला उभा राहिलो. शिरीषने पाठ थोपटली होती. "तू आहेस म्हणून आम्ही आहोत," म्हणाला होता. मूर्खासारखा फुशारलो होतो मी.

शिरीषने दाखवलेलं टीव्हीवरचं ते नाव अमरावतीच्या एका तरुण इंजिनियरचं होतं. निखिल. त्याचं आडनाव इथे लिहीत नाही. लिहिलं की तुम्हीही तेच कराल. आडनाव वाचाल आणि माणसाची जागा ठरवाल. माझं आडनाव गावावरून आहे, शेवटी 'कर' असलेलं. मी शाळेत असताना वडिलांनी ते बदलून घेतलं. पोराला शहरात खोली तरी मिळेल, एवढाच त्यांचा हिशेब. मिळालीही. त्या 'कर'च्या आड मी इतकी वर्षं काढली. कुणी "तुम्ही नक्की कुठले?" विचारलं की मी "नागपूर" म्हणायचो आणि विषय बदलायचो.

मंदार ह्या वर्षी जेवणाचं बघणार होता. आमच्यात रीत आहे. मॅच झाली की सगळी टीम, बायकापोरांसकट, एकाच्या घरी जेवायला. पाळीपाळीने. ह्या परक्या देशात तेच आपलं गणगोत, असं भाषण शिरीष दर मोसमात ठोकतो.

"मग निखिलला रोटेशनमध्ये कुठे टाकू?" मंदारने विचारलं.

"त्याला नको," शिरीष टीव्हीकडे बघत म्हणाला. "लाइनवाल्यांना नाही टाकत आपण. मार खाऊन दमलेले असतात बिचारे."

"पण विनयही लाइनलाच आहे ना? त्याच्याकडे दोनदा जेवलो की आपण."

मंदार तसा नवा, गेल्याच मोसमात आलेला. त्याला काही ठाऊक नव्हतं, म्हणून सरळ बोलून गेला. विनयने मान खाली घातली. बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी, एकदमच.

तेव्हा कळलं. माझी पाळी कधीच आली नव्हती. "सुजाताची नोकरी आहे, तिला कशाला त्रास?" "तुझं घर लांब पडतं रे." दर वेळी नवं कारण. माझ्या बायकोने, सुजाताने, हौसेने मोठं पातेलं आणून ठेवलं होतं. टीम आली की पाटवडी रस्सा करायचा तिचा बेत होता. माझी मुलगी एकदा गाडीत म्हणाली होती, "बाबा, व्हाय डोन्ट दे एव्हर कम टू अवर हाउस?" मी म्हणालो होतो, येतील गं.

मी लपलोय असं मला वाटत होतं. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. माझी बरगडी त्यांना चालत होती. माझ्या घरचं पाणी चालत नव्हतं.

"माझी पाळी का नाही आली शिरीष?"

"अरे, पर्सनली घेऊ नकोस यार. आईबाबा इथे येऊन राहतात. त्यांचं सोवळं-ओवळं असतं. आम्ही कुठे काय मानतो?"

"तुझे आईबाबा टीममध्ये खेळतात?"

"आवाज चढवू नकोस. मानत असतो तर तुला टीममध्ये घेतलं असतं का?"

घेतलं असतं का! म्हणजे मी उपकारावर उभा होतो. त्यांच्यासाठी मार खायची मला परवानगी दिली होती त्यांनी. माझं डोकं फिरलं. मी उठून उभा राहिलो.

"नीट ऐका," मी म्हणालो. "मी बौद्ध आहे. माझे आजोबा गावातली मेलेली ढोरं ओढायचे. गाव त्यांना वेशीबाहेर ठेवायचं आणि ढोर मेलं की हाक मारायचं. तू तेच करतोयस शिरीष. फक्त इंग्रजीत."

शिरीषची बायको मेधा वरून चहा घेऊन आली होती. ती जिन्यातच थांबली. मी तिच्या बाजूने वर गेलो आणि बूट घालून बाहेर पडलो.

संध्याकाळी निखिलला फोन केला. जे बोललं गेलं ते शब्दन्‌शब्द सांगितलं.

"दादा," तो म्हणाला, "मी ऑफिसमध्ये शिरीष सरांच्याच हाताखाली आहे. माझा व्हिसा त्यांच्या हातात आहे. मला खेळावंच लागेल."

त्याच्यावर रागावू शकलो नाही. सगळा राग जिथे जायला हवा तिथेच गेला. माझं ग्रीन कार्ड आलंय. माझी नोकरी शिरीषच्या हातात नाही. मग ज्याला बोलता येतं त्याने गप्प बसायचं कशासाठी?

दुसऱ्या दिवशी ड्राफ्ट संपल्यावर शिरीषचा मेसेज आला. "झालं गेलं विसर. निखिल मिळाला. तुम्ही दोघं मिळून वॉल व्हाल. रविवारी सातला ग्राउंडवर ये."

मी उत्तर दिलं नाही. रविवारी मोसमाची पहिली मॅच आहे, मी जाणार आहे. खेळायला नाही. सगळ्या टीम्स, त्यांच्या बायका, पोरं, सुट्टीवर आलेले आईबाबा, सगळे असतील. कोणाच्या घरी जेवण होतं, कोणाच्या घरी नाही आणि का नाही, हे मी नावं घेऊन सांगणार आहे. निखिलचं नाव सोडून. मराठीत सांगेन, आणि पोरांना कळावं म्हणून इंग्रजीतही. सुजाता आणि मुलगी सोबत असतील. ग्राउंडवरचा माईक बंद केला तर ओरडून सांगेन.

आणि मधली जागा रिकामीच राहील. तिथे आता शिरीषने उभं राहावं. बघू दे त्याला, अंगावर घेणं काय असतं ते.