परसूचा अंगठा

बसवनगुडीत परसू मिस्त्रीकडे गाडी न्यायची म्हणजे आधी शिव्या खायची तयारी ठेवायची. निपाणीहून येऊन त्याला तीस वर्षं झाली, पण एवढ्या काळात या शहरात त्याला एकही शहाणा माणूस भेटला नव्हता. गाड्यांचे मालक गाढव, कॉम्प्युटर लावून बिघाड शोधणारे मेकॅनिक उंटावरचे शहाणे, आणि बेळ्ळंदूरची काचेच्या ऑफिसातली मंडळी तर त्याच्या लेखी माणसांत जमाच नव्हती. दसऱ्याला आयुधपूजेचं गंधसुद्धा तो गिऱ्हाइकांना लावू देत नसे. "फासून ठेवतील कुठंतरी," म्हणायचा, आणि इंजिनाच्या पट्ट्यात सापडून टोक तुटलेल्या आपल्या अंगठ्यानं प्रत्येक गाडीला पुढून-मागून स्वतः टिळे लावायचा.

अशा परसूची अब्रू नरसिंहरावांच्या जुनाट पांढऱ्या गाडीनं घालवायला काढली होती. एप्रिल लागला आणि ती भर उन्हात, भर रस्त्यात बंद पडू लागली. पंधरा मिनिटं उभी राहिली की काही झालंच नाही अशी सुरू. परसूनं पंप बदलला, कॉइल बदलली, पेट्रोलच्या नळीला ओलं फडकं गुंडाळलं, आणि दर वेळी खापर मात्र नरसिंहरावांवर फोडलं.

शेवटी नरसिंहराव म्हणाले, "पुरे परसू. सोमवारी भंगारवाल्याला बोलावलंय. काल उन्हात उभं राहून वसुमतीला चक्कर आली."

गाडी भंगारात गेली, तर वीस वर्षं ती सांभाळणाऱ्या परसूचं नावही तिच्याबरोबर जाणार होतं. पण तोंड कसलं गप्प बसतंय!

"अण्णा, गाडी नव्हं, तुमचा पाय बिघडलाय. उद्या बाराला मी चालवतो. तुम्ही नुसतं बघा."

दुसऱ्या दिवशी नरसिंहराव शेजारी बसले, त्यांच्या पत्नी वसुमतीबाई छत्री घेऊन मागे. बेळ्ळंदूरच्या गर्दीत तासभर रखडल्यावर गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. नरसिंहरावांनी नुसतं घड्याळ बघितलं, आणि तेच परसूला जास्त झोंबलं.

"पेट्रोल तरी घालता, का वासावर चालवता?" म्हणत तो उतरला आणि टाकीचं झाकण फिरवलं. सूं करून टाकीनं हवा आत ओढली.

परसू थबकला. "अण्णा, आता स्टार्टर मारा."

गाडी लगेच सुरू झाली.

पेट्रोल संपेल तशी टाकीत हवा जायला झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं तरी थंडीत इंजिन कसंबसं पेट्रोल ओढतं. उन्हात मात्र नळीत त्याची वाफ होते आणि गाडी बंद पडते.

"भोक बुजवलंय!" परसू गरजला. "कुठल्या गाढवानं केलं हे? त्याला या टाकीतच बुडवायला पाहिजे!"

त्यानं झाकण उजेडात धरलं. भोकावर वाळलेल्या गंधाचा जाड थर होता. त्यात अंगठा उमटला होता. टोक तुटलेला.

नरसिंहरावांनी खाली उतरून, चष्मा सावरून आधी झाकण बघितलं, मग परसूचा हात.

"सोड रे," मागून वसुमतीबाई म्हणाल्या. "स्वल्प गंध तर आहे. भक्तीनं लावलं असेल बिचाऱ्यानं."

"भक्ती कसली अक्का," परसू म्हणाला. "गाढवच ते. तुमची केसातली पिन द्या जरा."

भोक मोकळं होईपर्यंत त्यानं मान वर केली नाही.