चांगुणाबाईचं दळण

कोल्हारच्या बाजारपेठेच्या मागच्या अंगाला शुभांगीची पिठाची गिरणी आहे. पत्र्याची एक खोली, आणि भिंतीला लागून ओळीनं मांडलेले लोकांचे डबे. कुठलं झाकण कुणाच्या घरचं हे ती न बघता सांगते. तोंडानं फटकळ. ‘जरा लवकर दे’ म्हणणाऱ्याचा डबा ती हमखास शेवटी घेते, आणि तरी गिऱ्हाईक तुटत नाही, कारण दळण बारीक असतं आणि मापात कधी खोट नसते. गेल्या वर्षभरात मात्र ती गप्प गप्प झाली आहे. पोरगी गेली म्हणून, असं लोक म्हणतात. ते खरं आहे, पण अर्धंच.

पोरीचं नाव सृष्टी. जन्मली तेव्हा वेळेवर रडली नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला. ही बसणार नाही, बोलणार नाही, हे नगरच्या डॉक्टरांनी सहाव्या महिन्यातच सांगून टाकलं. ते सगळं खरं ठरलं. ती हसणार किती, हे मात्र डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. आंघोळीचं पाणी अंगावर पडलं की हसायची, बापाची मोटारसायकल दारात बंद पडली की हसायची, कुणी रागावलं तर जास्तच हसायची. रागावणाऱ्याची मोठी पंचाईत व्हायची.

बाप महेंद्र साखर कारखान्यात फिटर. त्यानं ओळखीच्या वेल्डरकडून पाईप जोडून तिच्यासाठी एक खुर्ची करून घेतली, पाठीला उशी, कमरेला पट्टा. ती खुर्ची तो कामावर जाण्याआधी गिरणीत, पीठ पडतं त्या तोंडाशेजारी ठेवून जायचा. ‘घरात छताकडं बघत पडंल, हितं मानसं तरी दिसतील,’ असं त्याचं म्हणणं.

ताजं पीठ गरम असतं. दुकानातून बांधलेली पिशवी आणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. सृष्टीच्या मुठी कायम आवळलेल्या असायच्या. डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम करून करून शुभांगीचे अंगठे दुखायचे, मुठी काही उघडायच्या नाहीत. त्या उघडल्या चांगुणाबाईनं.

चांगुणाबाई वरच्या आळीतली, सत्तरी ओलांडलेली शेतकरी बाई. दर बाजाराच्या दिवशी पितळी डब्यात बाजरी घेऊन यायची. एकदा दळण झाल्यावर झाकण लावायच्या आधी तिनं डबा सृष्टीच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “घे गं बाई, बघ बरं, तुज्या आईनं नीट दळलंय का.” तिनं पोरीचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात घातले. क्षणभर काही झालं नाही. मग एकेक बोट सुटत गेलं आणि पोरगी अशी हसली की रांगेतल्या बायका दळण विसरून बघत राहिल्या. चांगुणाबाईनं हात झटकून दिले, झाकण लावलं आणि गेली. त्याच पिठाच्या तिनं भाकरी केल्या. त्यात काही विशेष केलं असं तिच्या तोंडावर कधी दिसलं नाही. मग ते दर बाजाराला ठरूनच गेलं. म्हातारी कोपऱ्यावरून वळली की सृष्टी मान उंचावून ‘आं’ करायची. हाक मारावी अशी तिच्याकडं असलेली ती एकच हाक.

हे तीन वर्षं चाललं आणि ते शुभांगीनं बंद केलं.

कारण सांगायला लाज वाटावी इतकं किरकोळ होतं. सृष्टीची लाळ गळायची. लाळ आणि पीठ एक झालं की कणीक होते, ती बोटांच्या बेचक्यांत, हनुवटीखाली, केसांत वाळून बसते. मग ती भिजवून, सोलून काढायची. दहा वर्षांची पोर उचलून, धुऊन, पुन्हा बसवून शुभांगीची कंबर मोडून यायची. त्यातच समोरच्या गल्लीत नवी गिरणी निघाली. आणि एक दिवस नवीन सोसायटीतल्या एका बाईनं सृष्टीकडं नुसतं पाहिलं. बोलली काहीच नाही, दळण घेऊन गेली, पुढच्या आठवड्यात परतही आली. पण ते पाहणं शुभांगीच्या डोक्यात बसलं. तिला आपल्या पोरीची लाज वाटली. त्याच दुपारी तिनं खुर्ची मागच्या खोलीत, पोत्यांच्या आड नेऊन ठेवली.

संध्याकाळी महेंद्र आला आणि त्यानं विचारलं, “खुर्ची आत का गं?”

मला कंटाळा आला, मला लाज वाटली, असं त्याला कसं सांगणार? पोरीवर जीव टाकणारा माणूस. शुभांगीच्या समोर तेव्हा चांगुणाबाईचा पितळी डबा होता, दळून, न्यायला ठेवलेला. ती म्हणाली, “चांगुणामावशी बोलल्या. पोरीची लाळ पडती पिठात, म्हनं.”

खोटं कुणाच्या माथी मारायचं याचाही विचार तिनं केला नव्हता. समोर डबा होता, त्याच्यावरचं नाव तोंडातून गेलं. पण महेंद्रला लाळ ऐकू आलीच नाही. तो डब्याकडं बघत म्हणाला, “लाळ न्हाई गं. तिच्या मनात दुसरंच हाय. आपल्या हाताचं पीठ. इतकी वर्सं झाली तरी जात न्हाई यांच्यातनं ते.”

तिथं एक शब्द पुरे होता. ‘नाही, तसं नाही,’ एवढं म्हणायचं होतं. शुभांगी म्हणाली नाही. त्याचा राग तिच्यावरून दुसरीकडं वळला होता आणि तिला हायसं वाटलं होतं.

महेंद्र डबा उचलून वरच्या आळीत गेला. भरल्या ओसरीवर, सुना-नातवंडांसमोर त्यानं तो ठेवला आणि म्हणाला, “आजपासून तुमचं दळण दुसरीकडं न्या. आमच्या पोरीच्या हातानं तुमचं पीठ बाटतं ना.” म्हातारीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, डबा आत नेला. त्यानंतर तिचं दळण समोरच्या गल्लीत जाऊ लागलं.

सृष्टी दर बाजाराला आतल्या खोलीतून दाराच्या दिशेनं मान ताणायची. आं, आं. दुपार कलेपर्यंत. एकदा महेंद्र घरी होता, त्यानं विचारलं, “काय हुतंय तिला?” शुभांगी म्हणाली, “पोटात कळ आली आसंल.” आणि तिनं पोरीला ओव्याचं पाणी पाजलं. पोरीनं ते तोंड वाकडं करत प्यायलं आणि पुन्हा दाराकडं मान फिरवली. असे चौदा महिने गेले. मग थंडीत छातीत कफ झाला, आठ दिवस दवाखाना झाला, आणि नवव्या दिवशी सृष्टी गेली.

आता वर्ष झालं होतं. दुसऱ्या दिवशी स्मृतिदिन होता. घरासमोर मांडव घातला होता, भन्तेजी येणार होते, खिरीचं दूध सांगून झालं होतं. दुपारी महेंद्र वही घेऊन गिरणीत आला. त्याला उद्या चार शब्द बोलायचे होते. “ऐक बरं, नीट झालंय का,” म्हणत तो वाचायला लागला. “माझ्या लेकीचा गुन्हा एकच होता, तिला गरम पीठ आवडायचं. या गावातल्या एका घराला ते बाटलेलं वाटलं. वर्षभर मी गप्प राहिलो. आज सगळ्यांसमोर मी त्या घराचं नाव घेणार आहे.”

वाचून त्यानं मान वर केली. शुभांगीनं चालू दळण तसंच थांबवलं, बटण बंद केलं आणि म्हणाली, “आलेच मी.” तिचे पाय वरच्या आळीला लागले तेव्हा कुठं जायचं हे तिचं तिलाच नीट ठरलेलं नव्हतं.

चांगुणाबाई ओसरीवर सुपात बाजरी पाखडत होती. शुभांगी समोर उभी राहिली, बसली नाही. “मावशी, तुम्ही काही बोलला नव्हता. मीच तुमचं नाव घातलं त्यात. मला पोरीची लाज वाटली हुती.”

सूप थांबलं. “मला म्हायती हाय,” चांगुणाबाई म्हणाली.

“कसं?”

“मी बोलले न्हाई म्हंजे कुनी तरी बोललं आसंल. त्याला सांगनारं तुझ्याबिगर कोन हुतं?”

“मग आला का न्हाई? माझ्या झिंज्या उपटायच्या हुत्या.”

म्हातारीनं सुपातला एक खडा शोधून काढला, तो हातातच धरून ठेवला. “येनारच हुते. पर महेंद्र जे बोलला ना, ते म्या म्हनलं नसलं तरी ह्या घरानं म्हनलं हुतं. माझ्या सासूनं. महेंद्रची आजी आमच्याकडं खुरपायला यायची. एकदा तिचा हात पिठाच्या पाटीला लागला तर सासूनं आख्खी पाटी गुरांपुढं वतली. मी नवी नवरी, तितंच उभी. तोंडातनं सबूद काढला न्हाई. त्या दिवशी महेंद्र ओसरीवर आला तवा मला वाटलं, त्या खुरपनाऱ्या बाईचा नातू आला, आता गप बसून ऐक. म्हनून ऐकलं.” तिनं हातातला खडा अंगणात टाकला आणि हलकेच म्हणाली, “त्यात पोरगी ताटकळंल, ह्याचा इचारच केला न्हाई म्या.”

शुभांगीला तिथं रडायचा अधिकार वाटेना, तरी ती रडली. जाताना म्हणाली, “उद्या या.”

“तू बोलवलंस म्हनून न्हाई येनार. तो म्हनला तर येईन.”

महेंद्र वही मांडीवर घेऊन गिरणीतच बसला होता. शुभांगीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सोसायटीतल्या बाईची नजर, पोत्यांचा आडोसा, समोरच्या डब्यावरून उचललेलं नाव. मग त्याच्या आजीची पाटीही सांगितली. त्यानं वही मिटली. ओरडेल, निदान हात तरी उगारेल असं तिला वाटलं होतं, ते बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, “बाजाराच्या दिवशी दाराकडं बघून वरडायची, ते पोटात दुखायचं न्हाई ना?”

“न्हाई.”

“तुला ठाव हुतं.”

“व्हय.”

त्यानं चप्पल पायात घातली. दारात थांबून म्हणाला, “मी म्हातारीच्या पाया पडून येतो. उद्याचं तू बोल. मला जमायचं न्हाई आता.”

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या साड्यांनी मांडव भरला. त्रिशरण, पंचशील झालं, भन्तेजी बोलले. चांगुणाबाई शेवटच्या ओळीत सुनेशेजारी बसली होती. शुभांगी उठली तेव्हा लोकांना आश्चर्य वाटलं, कारण वहीतलं महेंद्र वाचणार हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्या हातात काहीच नव्हतं.

“आमची सृष्टी काय करायची ते सांगते,” ती म्हणाली. “मिरची कांडायच्या दिवसांत गिरणीत सगळ्यांना शिंका येतात. तिला स्वतःला शिंक आली की दचकायची, पण दुसऱ्याला आली की हसायची. एकदा सरपंचांना ओळीनं अकरा शिंका आल्या. ते एकेक शिंक देत होते आणि ही एकेक हसत होती. शेवटी ते म्हणाले, मला दळण नको, मला बाहेर काढा.”

मांडवात हसू फुटलं. सरपंच स्वतः डोळे पुसत हसत होते. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, हो, मीही होते, म्हणत होत्या. वर्षभरात सृष्टीचं नाव निघालं की लोक ‘सुटली बिचारी’ म्हणायचे. आज पहिल्यांदा ते तिच्या नावानं हसत होते. इथंच थांबावं, खाली बसावं, असं शुभांगीला फार वाटलं. कुणी काही म्हटलं नसतं. महेंद्र मान खाली घालून बसला होता.

“हे सगळं मी बंद केलं,” ती म्हणाली. हसू एकदम ओसरलं नाही, पुढच्या ओळींपासून मागं विरत गेलं. “तिला पोत्यांच्या आड मी ठेवलं, आणि नाव चांगुणामावशींचं सांगितलं. त्या कधी काही बोलल्या नव्हत्या. माझी पोरगी चौदा महिने त्यांची वाट बघत होती. मला माहीत होतं ती कुणाची वाट बघते, आणि मी तिला ओव्याचं पाणी पाजत होते.”